मोठी थ्रॉटल बॉडी: बसवण्याआधी, बसवताना आणि बसवल्यावर

नवी कोरी, ७० मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी चकतीची झडप, बसवून गाडी बाहेर काढली की पहिल्या शंभर मीटरमध्येच हसू येतं. पेडलला नुसता पाय टेकवला तरी गाडी झेपावते. माझंही तसंच झालं. मग गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली, तर आधीचा आणि नंतरचा आलेख एकमेकांवर असे बसले की कुठला कोणता ते सांगता येईना. ताकद वाढलीच नव्हती. पेडल पाव दाबल्यावर पूर्वीपेक्षा जास्त हवा आत जात होती आणि त्यालाच मी पिकअप समजून बसलो होतो.

वरवर पाहता काम किरकोळ आहे. चार बोल्ट, एक पाइप, वायरिंगचा एक कपलर. पण थ्रॉटल बॉडी पूर्ण उघडी असते ती फार थोडा वेळ. बाकी सगळा वेळ तिची चकती बंद किंवा जेमतेम किलकिली असते. त्यामुळे ती किती उघडते यापेक्षा कशी बंद होते, यावरच काम फसतं किंवा साधतं.

गरज आहे का, ते मोजा

आधी साधा हिशेब करू. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा ओढतं. म्हणजे दोन लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला मिनिटाला साधारण ७००० लिटर हवा ओढेल. ६० मिलिमीटर बोरचं, म्हणजे बॉडीतल्या गोल भोकाचं, क्षेत्रफळ २८२७ चौरस मिलिमीटर भरतं, पण चकती फिरवणारा, मधून जाणारा १० मिलिमीटरचा शाफ्ट त्यातले ६०० खाऊन टाकतो. उरलेल्या जागेतून हवेचा वेग सेकंदाला ५२ मीटरच्या आसपास जातो आणि त्यापोटी खर्ची पडणारा दाब दीड-पावणेदोन किलोपास्कलच्या घरात येतो. तिथेच ७० मिलिमीटरची बॉडी लावली तर तो ०.८ किलोपास्कलवर येतो. ऐकायला निम्मा, पण वातावरणाचा दाब १०० किलोपास्कलच्या आसपास आहे हे लक्षात घेतलं तर कमाई एक टक्काही नाही. १५० अश्वशक्तीच्या इंजिनात हे एखाद-दुसऱ्या घोड्याचं प्रकरण. डायनोवर दोन फेऱ्यांत तेवढा फरक नुसत्या गरम हवेनेही पडतो.

चित्र पालटतं ते इंजिन बदलल्यावर. हाच खर्च हवेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याच बॉडीमागे २.४ लिटरचं, ८५०० आरपीएमपर्यंत फिरणारं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेलं इंजिन असेल तर दीड-पावणेदोनचा आकडा साडेतीनवर जातो. आता मोठ्या बॉडीला काहीतरी काम आहे. म्हणून कॅम, हेड, एक्झॉस्ट झाल्यावरच हा विषय काढावा असं माझं मत आहे. स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलं तशा, इंजिनवर पहिलाच बदल म्हणून थ्रॉटल बॉडी घेणारे पैसे पेडलच्या चपळपणावर घालतात.

हिशेबावर विसंबू नका, गाडीवर मोजा. इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डच्या (थ्रॉटल बॉडीतून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या) दाबाचा सेन्सर काय दाखवतो ते स्कॅनरवर टिपा. तो तुमच्या जागेचा वातावरणीय दाब. मग ट्रॅकवर किंवा डायनोवर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत) आकड्यांची नोंद, म्हणजे लॉग, घ्या. शेवटच्या हजार आरपीएममधला दाब आणि आधी टिपलेला दाब, यांतला फरक म्हणजे फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा एकूण अडथळा. तो दोन किलोपास्कलच्या आत असेल तर मी पाने पुन्हा पेटीत ठेवतो.

फरक तीनच्या वर गेला तरी दोष थ्रॉटल बॉडीचाच असेल असं नाही. फिल्टर आणि पाइप वेगळे काढावे लागतात. यासाठी यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी पुरतं. एक टोक थ्रॉटल बॉडीच्या आधीच्या पाइपला जोडायचं, दुसरं मोकळं. पाण्याच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल. एकूण अडथळ्यातून हा आकडा वजा केला की थ्रॉटल बॉडीचा वाटा उरतो. ही नळी चुकूनही बॉडीच्या पलीकडे, मॅनिफोल्डला जोडू नका. पाय काढताच तिथे एवढा व्हॅक्यूम तयार होतो की नळीतलं सगळं पाणी इंजिन पिऊन टाकेल.

टर्बो गाड्यांत थ्रॉटल बॉडी सहसा हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरनंतर असते. तिथे हवा दाबलेली, म्हणून दाट असते. तेवढंच वजन हवेचं कमी वेगाने जातं, त्यामुळे अडथळाही कमी. शिवाय बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) मॅनिफोल्डमध्ये मोजून राखला जात असेल तर थोडी तूट टर्बो स्वतःच भरून काढतो. सुपरचार्जर असलेल्या ज्या गाड्यांत थ्रॉटल ब्लोअरच्या, म्हणजे सुपरचार्जरच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या, आधी असतो, तिथे मात्र उलट. तोंडाशी गमावलेले दोन किलोपास्कल ब्लोअरच्या दाबाच्या पटीने वाढून पुढे जातात. मोठ्या थ्रॉटल बॉडीचं चीज सगळ्यात जास्त होतं ते इथे.

निवड

तीन वाटा आहेत. मूळ बॉडी लेथवर बोअर करून मोठी चकती घालणं, त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाची बॉडी आणणं, किंवा बाजारातली तयार घेणं. मला दुसरी वाट आवडते, कारण ती बॉडी कारखान्यात लाखो वेळा उघड-झाप करण्याच्या हिशेबाने बनलेली असते. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यात ही गंमत दिसते: एलएस१ वर तीन बोल्टची ७५ मिलिमीटरची बॉडी, तर एलएस२ वर चार बोल्टची ९० ची. क्षेत्रफळात ४४ टक्क्यांचा फरक, पण बोल्टच जुळत नाहीत. मग अडॅप्टर आला, आणि अडॅप्टरचा आतला उतार नीट नसेल तर मिळवलेलं तिथेच गेलं.

मॅनिफोल्डचं तोंड आधी व्हर्नियरने मोजा. ६५ मिलिमीटरच्या तोंडावर ७० ची बॉडी म्हणजे हवेच्या वाटेत चहूबाजूंनी अडीच मिलिमीटरचा उंबरठा. मॅनिफोल्ड घासून मोठा करता येत नसेल तर तेवढ्या मापाची बॉडीच घ्या. बॉडी किंचित लहान आणि मॅनिफोल्ड किंचित मोठा, हे चालून जातं. उलटं नको.

बॉडी हातात आली की उजेडासमोर धरा आणि चकती पूर्ण बंद करा. कडेने केसाएवढी, सगळीकडे सारखी प्रकाशाची रेघ दिसली तर उत्तम. एका बाजूला अंधार आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर दिसली तर चकती तिरकी बसली आहे. ती आयडलला, म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं त्याला, त्रास देणारच. चकती खरं तर अचूक गोल नसते, किंचित लंबगोल असते, आणि तिची कड बंद होण्याच्या कोनात तासलेली असते. बोअर करून देणाऱ्याने गोल चकती कापून दिली असेल तर हा उजेड लगेच चुगली करतो. मग शाफ्टचं टोक धरून हलवा; खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बुश गेलेलं आहे. चकतीचे दोन छोटे स्क्रू मागून ठोकून पक्के केलेले आहेत का, तेही पाहा. तो स्क्रू सुटला तर तो थेट सिलिंडरमध्येच जाणार. शेवटी चकती उघडून सोडा. ती टक् आवाज करून बंद झाली पाहिजे. जराशीही अडखळली तर परत करा, घासून सैल करत बसू नका.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर खरेदीच्या आधी ट्यूनरशी बोला. या बॉडीला केबल नसते. मोटर चकती फिरवते, आणि चकतीचा कोन दोन स्वतंत्र सेन्सर सांगतात, म्हणजे एक खोटं बोलला तर दुसरा पकडतो. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, पोटात या कोनाला इतकी हवा, इतक्या हवेला इतका टॉर्क असा तक्ता असतो. बॉडी मोठी झाली की तक्ता खोटा पडतो. गाडीने मागितल्यापेक्षा जास्त टॉर्क दिला असं ईसीयूला वाटलं की ती सरळ लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद आवळून कसंबसं चालवण्याच्या अवस्थेत, जाते. मॅपिंग, म्हणजे असे तक्ते, बदलण्याची सोय नसलेल्या गाडीवर ही बॉडी लावू नये.

खोलणं

इंजिन पूर्ण थंड असू द्या. पाना उचलण्याआधी जुन्या बॉडीचे आकडे लिहून ठेवा: गरम इंजिनाचा आयडल, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली वाढ किंवा घट), पेडल सोडलेलं असताना थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज, नोंदलेले बिघाडाचे कोड. सगळ्या होज आणि वायरिंगचे फोटो काढा. नंतर हेच आकडे पंचायत सोडवतात. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये बोट घालून चकती ढकलायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. करंट चालू असताना ती मोटर बोट चिरडू शकते.

पाइप काढण्याआधी आजूबाजूची धूळ-माती उडवा किंवा पुसा. क्लॅम्प सैल करून पाइप हळू फिरवत ओढा. कपलरचं लॉक आधी सोडवा. जुनं प्लॅस्टिक उन्हा-तेलाने ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की तुटलंच. केबल असेल तर हाताने चकती पूर्ण उघडा, केबल ढिली पडते आणि तिचा मणी खाचेतून अलगद निघतो.

बऱ्याच बॉडींना कूलंटच्या दोन बारीक होज असतात. थंडीत चकतीवर बर्फ धरू नये म्हणून. त्या बायपास केल्या की हवा थंड राहते आणि ताकद वाढते असं सांगणारे खूप भेटतात. हवा त्या बोअरमधून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, तेवढ्यात ती काय तापणार? नव्या बॉडीला जोडणी असेल तर जोडा. नसेल आणि गाडी कडक थंडीत चालत नसेल, तरच होज एकमेकींना जोडून टाका. नंतर कूलंटची पातळी पाहून हवा काढायला विसरू नका.

बोल्ट तिरक्या क्रमाने सैल करा. बॉडी निघाली की मॅनिफोल्डच्या तोंडात लगेच मोठं, भडक रंगाचं फडकं कोंबा. लहान चिंधी नको, ती आत सरकते. गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. घासायची डिस्क ड्रिलला लावून दोन मिनिटांत काम उरकण्याचा मोह होतो, पण तिची खर इंजिनाच्या बेअरिंगचा काळ आहे.

मॅनिफोल्ड घासून तोंड जुळवायचं असेल तर तो गाडीवरून उतरवूनच. फडकं कोंबून जागेवर घासलं की ॲल्युमिनियमचा चुरा कुठेतरी उरतोच. नवं गॅस्केट ठेवून आतल्या कडेने खूण करा, उंबरठा नाहीसा होईपर्यंतच काढा आणि आत दोन-तीन सेंटिमीटर सौम्य उतार द्या. आरशासारखी चमक आणायची गरज नाही. प्लॅस्टिक मॅनिफोल्डच्या भिंतीची जाडी आधी मोजा, कित्येकांत घासायला जागाच नसते.

बसवणं

नवं गॅस्केट बॉडीवर धरून त्याचं भोक बोरपेक्षा लहान नाही ना, हे पाहा. हास्यास्पद वाटेल, पण माझ्या पहिल्या खेपेला डब्यातलं गॅस्केट जुन्या मापाचं निघालं होतं, आणि त्याची कड आतल्या बाजूने चकतीला घासत होती. आयडल १८०० वर अडकला, आणि कारण सापडायला दोन दिवस गेले. सिलिकॉन लावू नका. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतो आणि एक दिवस इंजिनात जातो.

सगळे बोल्ट आधी हाताने, चार-पाच आटे तरी, फिरवून घ्या. एकही बोल्ट सुरुवातीपासून पान्याने लावू नका. मग तिरक्या क्रमाने, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने घट्ट करा. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. सहा मिलिमीटरच्या बोल्टला तो बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की नव्या आट्यांसाठी इन्सर्ट बसवण्याचं वेगळं काम मागे लागतं.

केबलच्या गाडीत आता तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, थांब-स्क्रू. चकती बोरमध्ये रुतून बसू नये एवढ्यासाठीच तो असतो. तो पूर्ण मागे घ्या, चकती बंद होऊ द्या, मग चकती अडकत नाही इतपतच पुढे घ्या. आयडल वाढवायला हा स्क्रू पिळणारे मेकॅनिक कमी नाहीत. त्याने चकती कायमची किलकिली राहते, सेन्सरचा शून्य हलतो आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या पायावर उभी राहते.

दुसरी, केबल. पेडल सोडलेलं असताना दोन-तीन मिलिमीटर ढील. पेडल पूर्ण दाबल्यावर चकती पूर्ण उघडी. हे डोळ्यांनी पाहा. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने बोरमध्ये बघायचं. अनेक गाड्यांत कार्पेट आणि मॅट मिळून चकतीचा शेवटचा दहावा भाग उघडूच देत नाहीत, आणि मालक मोठी थ्रॉटल बॉडी शोधत फिरत असतो! मग पेडल वीसेक वेळा दाबून सोडा. प्रत्येक वेळी टक् आवाज आला पाहिजे. बॉनेट लावूनही एकदा करा, केबल कुठे दबते का ते तेव्हाच कळतं.

तिसरी, सेन्सर. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर बंद चकतीला साधारण ०.५ आणि पूर्ण उघडीला ४.५ व्होल्टच्या आसपास, असं बहुतेकांत असतं. तुमचे जुने आकडे लिहिलेले आहेतच, त्यांच्याशी जुळवा. पेडल अगदी सावकाश दाबत आकडा पाहा. तो सलग चढला पाहिजे, मध्ये उडी किंवा खड्डा नको. चकती बंद आहे हे ईसीयूला कळलं नाही तर ती आयडलच्या नियमांत शिरणारच नाही.

इलेक्ट्रॉनिक बॉडीत यातलं काहीच हाताने करायचं नसतं. कपलर लावा, बॅटरी जोडा, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली शिकवणी करा. काही गाड्यांत इग्निशन ठरावीक वेळ ऑन-ऑफ करून, काहींत स्कॅनरवरून. त्या वेळी पेडलला पाय लावायचा नाही. ईसीयू चकती दोन्ही टोकांना नेऊन तिचं माप घेत असते.

पहिला स्टार्ट

फडकं बाहेर काढलं का? पुन्हा एकदा पाहा.

ॲक्सिलरेटर न देता स्टार्ट करा. सुरुवातीला आयडल वर-खाली होईल, घाबरू नका. रेडिएटरचा पंखा एकदा चालू होईपर्यंत तसंच चालू द्या. मग एसी, हेडलाइट, स्टिअरिंग पूर्ण वळवणं असे भार एकेक करून टाका आणि आयडल सावरतो का ते पाहा.

आयडल वरच अडकून राहिला तर आधी हवेची गळती शोधा. स्मोक मशिन सगळ्यात खात्रीचं. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे आग लावून घेतात. फ्युएल ट्रिमही बोलतो: हवा मोजणारा मीटर फिल्टरपाशी असलेल्या गाडीत गळती असेल तर आयडलला ट्रिम बराच अधिक दिसतो आणि २५०० आरपीएमवर तो निवळतो, इंधन कमी पडतंय असं सांगणारा पी०१७१ कोडही येतो. मॅनिफोल्ड दाबावर चालणाऱ्या गाडीत मात्र ट्रिम सरळ राहतो आणि नुसता आयडल चढतो, कारण चोरवाटेने आलेली हवाही सेन्सरला दिसते. हा फरक माहीत नसला की माणूस सेन्सर बदलत सुटतो.

गळती नसून पी०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त असा कोड येत असेल, तर ती उजेडासमोरची चंद्रकोर आठवा: चकतीच्या कडेनेच आयडलची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेरची हवा जात आहे. पी२१३५ आला तर दोन सेन्सरचं एकमेकांशी पटत नाही. कपलरच्या पिना आणि अर्थ तपासा, तोवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

रस्त्यावर

पहिली फेरी मोकळ्या जागी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रांगत्या वेगाने. मोठ्या बॉडीचा खरा त्रास इथेच कळतो. ६० वरून ७० वर गेलात तर त्याच कोनाला उघडणारी जागा ३६ टक्क्यांनी वाढलेली असते, त्यामुळे गर्दीत गाडी धक्के देते. केबलच्या बॉडीत वाढत्या त्रिज्येची चाकी मिळाली तर सुरुवात मऊ होते. इलेक्ट्रॉनिकमध्ये पेडलचा तक्ता बदलून हेच साधतं. झटकन पेडल दिल्यावर गाडी क्षणभर खोकत असेल, तर अचानक आलेल्या हवेला इंधन अपुरं पडतंय. ते मॅपिंगचं काम आहे.

पूर्ण थ्रॉटल देण्याआधी वाइडबँड लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा सेन्सर, लावा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.९० च्या दरम्यान आकडा असावा. तो १ कडे सरकताना, म्हणजे इंधन कमी पडताना, दिसला तर पाय काढा आणि ट्यूनरकडे जा. हे ठीक असेल तर सुरुवातीचा लॉग पुन्हा घ्या: तोच गिअर, शक्यतो तसंच हवामान, तेच आरपीएम. मॅनिफोल्डचा दाब किती सरकला, तेवढाच तुमचा नफा.

जुनी बॉडी सेन्सरसकट पिशवीत बांधून ठेवा, विकू नका. पाच-सातशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना पाइप काढा, बोल्टचा टॉर्क पुन्हा पाहा, आणि टॉर्च धरून चकतीचे ते दोन स्क्रू जागेवर आहेत का, हेही.